सल्ला हवा: फ्रुक्टोज न पचणारा जावई आणि तोंडावर आलेली आखाजी (अक्षय्य तृतीया)

केळीवाली_सून
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझं सासर रावेर तालुक्यात. घरची केळी. आणि नवरा (वय ३४) केळं तोंडात घालत नाही. घड वाहून खांदे सोलले, पण एक केळं खाल्लेलं मी पाहिलं नाही. लहानपणी पेढा दिला की ओकायचा, म्हणून सासूबाईंनी गोड देणंच सोडलं. गावात त्याला अजून 'खाऱ्या' म्हणतात. दात मात्र सगळे शाबूत, एकही किडलेला नाही.

मागच्या पावसाळ्यात ताप आला. जवळच्या एका दवाखान्यात अशक्तपणा आहे म्हणून 'ताकदीची' बाटली लावली. थोड्या वेळात घाम, उलट्या, रक्तातली साखर ४२. घाबरून आम्हीच साखरपाणी पाजलं, तर आणखी बिघडलं. नंतर कळलं की लिव्हरवर चरबी आधीपासूनच होती, आणि हा माणूस दारूला शिवतही नाही. शेवटी मुंबईला रक्तावरून जीनची तपासणी झाली. आजाराचं नाव निघालं हेरिडिटरी फ्रुक्टोज इन्टॉलरन्स, म्हणजे फ्रुक्टोज (फळांतली साखर) न सोसण्याचा आनुवंशिक आजार. औषध नाही, पथ्य हाच इलाज.

तिथून पथ्याचा छापील कागद मिळाला. त्यात पार्सनिप आहे, रुबार्ब आहे, ब्लॅककरंट आहे. अंबाडी, कळणं (ज्वारी-उडदाचं पीठ), शेवभाजी यांचा पत्ता नाही. आता आखाजीला माहेरी अंमळनेरला जायचंय. खापरावरची पुरणपोळी, रस, सांजोऱ्या. जावई ताटावर बसून काहीच खात नाही म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय आमचं बाळ पाच महिन्यांचं आहे, वरचं अन्न सुरू करायची वेळ आली. त्यालाही असेल का?

भुसावळ_जंक्शन
ताई, गूळ वापरा ना साखरेऐवजी. नाहीतर मध. किंवा डायबेटिसवाल्यांची शुगर-फ्री मिठाई मिळते जळगावात, बिनधास्त द्या.

चोपड्याची_आहारतज्ञ
भुसावळ_जंक्शन, कृपा करून असं सुचवू नका. तिन्ही गोष्टी त्यांच्यासाठी वाईट आहेत. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, गूळ म्हणजे मुख्यतः तीच साखर, आणि मधात तर फ्रुक्टोज सुटंच असतं. शुगर-फ्री मिठाईत बऱ्याचदा सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल घालतात. सॉर्बिटॉलचं शरीरात फ्रुक्टोजच होतं.

सूनबाई, तुमच्या कागदाचं खान्देशी भाषांतर करून बघते. अंतिम शब्द तुमच्या आहारतज्ञांचा.

निर्धास्त खाण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, भात, बिनसाखरेचं दूध, दही, ताक, तूप, अंडी, मटण, मासे. मेथी, पालक, अंबाडी. उडदाचा पापड चालेल. डाळींमध्ये थोडी साखर असते, भिजवून पाणी फेकून शिजवा आणि वाटी मर्यादेत ठेवा. फळं सगळी बंद. रताळं, बीट, गाजर, मटार, मका बंद. कांदा-टोमॅटो फोडणीपुरतासुद्धा मोजून. बाहेरच्या शेवभाजीच्या रश्शात भाजलेला कांदा आणि खोबरं किती पडलंय हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ती घरीच करा.

आता वाईट बातमी भरताची. १०० ग्रॅम वांग्यात साधारण दीड ग्रॅम फ्रुक्टोज असतं, पालकात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. मोठ्या माणसाला दिवसाला दीड ग्रॅमच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. म्हणजे एक वाटी भरीत खाल्लं की दिवसाचा कोटा संपला. वर शेंगदाणे आहेतच, त्यातही साखर असते. पानात डावीकडे चमचाभर ठेवा, चवीपुरतं.

कळण्याची_भाकर
२०१६ साली जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला दोन्हीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आणि या भल्या माणसाला दोन्ही वर्ज्य! जिल्हाच बदलायला हवा याने 😀

बरं, कच्च्या केळ्याचे वेफर्स चालतील का? ते तर खारेच असतात.

चोपड्याची_आहारतज्ञ
नको. पिकायला लागलं की स्टार्चची साखर होते, आणि घाण्यावर गेलेलं केळं किती कच्चं होतं ते पुडा बघून कळत नाही.

यावलचा_पाहुणा
मलाही फ्रुक्टोज सहन होत नाही. सफरचंद खाल्लं की पोट फुगतं. डॉक्टरांनी श्वासाची टेस्ट केली. मी थोडं थोडं खातो, सवय होते. नवऱ्यालाही तसंच करू द्या.

तापीकाठचा_डॉक्टर
यावलकर, तुमचा त्रास आतड्याचा. तिथे फ्रुक्टोज नीट शोषलं जात नाही, गॅस होतो, एवढंच. यांचा यकृताचा. फ्रुक्टोज फोडणारं अल्डोलेज बी हे एन्झाइम काम करत नसल्यामुळे फ्रुक्टोज-१-फॉस्फेट यकृतात अडकून बसतं, पेशीतलं फॉस्फेट त्यात गुंततं आणि यकृताला स्वतःजवळची साखर रक्तात सोडता येत नाही. म्हणून साखरपाणी पाजल्यावर रक्तातली साखर आणखी उतरली. या माणसांना सवय होत नाही, यकृत आणि मूत्रपिंड मात्र झिजतात. ती श्वासाची टेस्टसुद्धा यांची करायची नाही, तिच्यात फ्रुक्टोजच पाजतात.

सूनबाई, तुमच्या नवऱ्याचं मला कौतुक वाटतं. १९५६ साली ब्रिटनमध्ये या विकाराची पहिली नोंद झाली, तीही २४ वर्षांच्या एका बाईची होती. अशी माणसं चव सांगते तसं वागून मोठी होतात. धोका येतो तो दुसऱ्यांच्या हातून, आणि मला जास्त भीती घरच्या जेवणापेक्षा दवाखान्याची वाटते. 'ताकदीच्या' म्हणून लावतात त्या अमिनो ॲसिडच्या काही बाटल्यांत सॉर्बिटॉल असतं. साधी सलाईन, डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) चालतं. पातळ औषधांवर तर विश्वासच नको: खोकल्याचं, तापाचं, अगदी 'लिव्हर टॉनिक'सुद्धा साखरेच्या पाकात असतं. गोळ्या मागायच्या. आसव-अरिष्ट, च्यवनप्राश, होमिओपॅथीच्या साखरगोळ्या, चघळायची व्हिटॅमिन सीची गोळी, सगळं बाद. फळं बंद असल्यामुळे व्हिटॅमिन सी आणि फॉलिक ॲसिड वेगळं घ्यावंच लागेल, पण केमिस्टकडून बिनसाखरेचं, बिनसॉर्बिटॉलचं बघून.

एक कार्ड करून पाकिटात ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत. 'फ्रुक्टोज, साखर, सॉर्बिटॉल देऊ नये. साखर उतरल्यास फक्त ग्लुकोज द्यावे.' मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही टाका.

केळीवाली_सून
डॉक्टर, हगवण लागली तर? आमच्याकडे लगेच मीठ-साखरेचं पाणी करतात.

तापीकाठचा_डॉक्टर
ते नाही. डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची ओआरएसची पुडी चालते, त्यात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, साखर नाही. दुकानात मिळणारी संत्र्याच्या चवीची खोकी घेऊ नका. पुडी नसेल तर तांदळाची पेज, मीठ घालून.

बाळाचं: हा आजार दोन्हीकडून सदोष जीन आला तरच होतो. नवऱ्याकडून एक आलाच आहे, म्हणजे बाळ किमान वाहक, एक सदोष जीन बाळगणारं. तुमच्याकडून आला असेल तरच आजार. नात्यात लग्न नसेल तर शक्यता कमी, पण तपासल्याशिवाय केळं कुस्करून देऊ नका, मध चाटवू नका. तोवर भाताची पेज, नाचणी, तूप. वरचं दूध देत असाल तर डब्यावर साखर लिहिली आहे का बघा. नवऱ्याच्या भावा-बहिणींचीही तपासणी व्हायला हवी, प्रत्येकाला चारात एक शक्यता असते.

केळीवाली_सून
नात्यात नाही. पण धाकट्या नणंदेला लहानपणापासून आंबा आवडत नाही. आता अंगावर काटा आला. उद्याच फोन करते.

मांडेवाली_मावशी
बाई गं, आखाजीचं मी सांगते, हे आपलं खातं. पुरण कुठल्याही गोडाचं केलंस तरी डाळ बशीभर जाणार, आणि ताई म्हणतात तशी ती मोजायची. म्हणून पुरणाच्या मागे लागू नकोस. या दिवसांत कुरडयांसाठी घरोघरी गहू भिजतोच. त्याच्या चिकाची वाटी त्याच्यासाठी काढून ठेवायला सांग आईला. गरम चीक, तूप, दूध. गोड हवं तर साखरेच्या जागी साधी ग्लुकोज पावडर. चालेल ना हो, आहारवाल्या ताई?

चोपड्याची_आहारतज्ञ
मावशी, तुम्ही माझी नोकरी घालवणार! चीक म्हणजे गव्हाचा स्टार्चच, उत्तम. ग्लुकोज पावडर बिनचवीची घ्या, लिंबू-संत्रावाल्या डब्यात साखर मिसळलेली असू शकते. साखरेपेक्षा कमी गोड लागते. कुरडई, उडदाचा पापड तळून द्या. सगळ्यांना रस वाढताना त्याच्या वाटीत ताक.

भुसावळ_जंक्शन
ताई, मघाशी माहीत नसताना बोललो, चुकलं. पण सासुरवाडीला कोणी आग्रह केला तर काय म्हणेल तो? आपल्याकडे 'खाय ना भो, एका घासाने काय होतं' हे म्हणणारे पंक्तीत किमान चार असतात. मीही त्यातलाच.

केळीवाली_सून
(आठवड्याने) कळवायचं राहिलं होतं.

आईला आधीच फोनवर सगळं सांगितलं. तिने आधी 'म्हणजे जावई माझ्या हातचं खाणारच नाही का' म्हणून रडून घेतलं, मग गहू जरा जास्तच भिजवले. पंक्तीत एका मामांनी रसाची वाटी पुढे सरकवलीच. नवरा काही बोलला नाही, पाकिटातलं कार्ड काढून ताटाजवळ ठेवलं. मामा चष्मा शोधत बसले, तेवढ्यात वाटी मी उचलली.

दोन वाट्या चीक खाल्ला त्याने. म्हणाला, गोड असं लागतं होय.

नणंदेचं रक्त परवा मुंबईला गेलंय. बाळाचंही त्याच्यासोबत पाठवलं. रिपोर्ट आले की इथेच लिहीन.