अंजन गवत पेरायच्या आधी थांबा

दादा, घोडे चरायच्या मुरमाड रानातल्या बोडक्या जागांवर पहिल्या पावसात अंजन गवताचं बी फेकायचा तुमचा बेत वाचला. गाई-म्हशींना ठीक, घोड्यांना मात्र घात. अंजनात ऑक्झलेट नावाचा क्षार जास्त. ते कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोनमहिने तेच खाल्लं की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं, जबडा-तोंडाची हाडं सुजतात, घोडा लंगडायला लागतो. त्यापेक्षा ऱ्होड्स गवत लावा, नाहीतर सरळ बांधावरची हरळी: ठोंब तोडून ओल्या मातीत दाबायचे. (शेतात जिला शिव्या घालतो, तीच!) ऱ्होड्सचं बी बारीक, खोल गाडू नका. वर कुजलेलं शेणखत पातळ पसरा. पहिला पावसाळा तरी घोडे लांबच ठेवा. मुठीत धरून ओढल्यावर गवत मुळासकट आलं, तर अजून सोडायचं नाही. आणि लीद रोज उचला. तिच्याभोवतीचं गवत घोडे तोंडात धरत नाहीत.