पॅराबेनचं भांडण पुरे, आधी गोरेपणाच्या डब्यांवर बोलू

पूर्वभाग:
लग्नसराई आली की सोलापुरात ‘सात दिवसांत गोरेपणा’वाल्या डब्या निघतात. दुकानांत, पार्लरमध्ये, ओळखीच्या बायकांच्या पिशवीत. डबीवर कंपनीचा पत्ता नसतो, लायसन्स नंबर नसतो, आत काय आहे त्याची यादी नसते. शाम्पूतल्या सल्फेटवर (फेस आणणारं रसायन) आणि लोशनमधल्या पॅराबेनवर (ते टिकावं, बुरशी धरू नये म्हणून घालतात ते) आपण जेवढं बोलतो, त्याच्या निम्मं तरी या डब्यांवर बोला, असं माझं म्हणणं आहे.

यातल्या कित्येक क्रीममध्ये पारा असतो. त्वचेचा रंग ज्या मेलॅनिनमुळे असतो, ते बनवणारं एन्झाइमच पारा अडवतो. त्यामुळे चेहरा खरोखर उजळतो, आणि गुण आला म्हणून बाई दुसरी डबी घेते. तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीच्या गाळण्या खराब करतो. लघवीला फेस येतो, पायांवर, डोळ्यांभोवती सूज चढते. क्रीमवर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही.

अकोल्याची बातमी आठवत असेल. एकाच घरातल्या तिघी मायलेकींच्या किडन्यांना त्रास झाला आणि मुंबईच्या केईएममध्ये तपासल्यावर क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ सालची गोष्ट. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही असेच रुग्ण समोर आणले. सोलापुरात असं कुणाला झालंच नसेल, हे मला पटत नाही.

जुळेसोलापूरकर:
डब्या वाईटच, त्यावर वाद नाही. पण म्हणून पॅराबेनला सोडून द्यायचं? युरोपात २०१४ साली पाच पॅराबेनवर बंदी आली. पावडरीतल्या टाल्कचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२४ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. आपण सकाळपासून साबण, शाम्पू, पावडर, डिओ, लिपस्टिक असं एकावर एक लावतो. प्रत्येकात थोडंथोडं. वीस वर्षांत त्याची बेरीज किती होते? डबी शंभरातल्या पाच बायका वापरत असतील, साबण शंभरच्या शंभर वापरतात.

पूर्वभाग:
त्या पाच पॅराबेनवर बंदी आली कारण त्यांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती कंपन्यांनी दिलीच नाही. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन युरोपात आजही ०.४ टक्क्यापर्यंत चालतं. स्तनाच्या गाठीत पॅराबेन सापडल्याचा २००४ सालचा अभ्यास सगळे सांगतात, पण त्यात निरोगी स्तनाशी तुलनाच केलेली नव्हती. पॅराबेन काढून दुसरं काही घातलं नाही, तर आपल्या उन्हाळ्यात लोशनला बुरशी धरायला किती वेळ लागेल? बेरजेचा प्रश्न तुमचा बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पाऱ्याचा रुग्ण आज दवाखान्यात आहे.

काउंटरवाला:
मी औषधाच्या दुकानात बसतो. पाऱ्याइतकंच खाज-सूज दाबणाऱ्या स्टिरॉइड मलमांचं बघा की. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी लोकं मलमाचं नाव सांगून बिनधास्त घेऊलालेत. खाजेचं मलम तोंडाला लावतात. पहिले पंधरा दिवस चेहरा झकास. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, बायकांच्या गालावर केस येतात. उन्हात निघालं की आग. बंद केलं तर अजून भडकतं, म्हणून परत तेच मलम. त्वचेच्या डॉक्टरांकडं अशा चेहऱ्यांसाठी वेगळं नावच आहे. चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हे पण खरंय.

विडीघरकुल:
यावर उपाय म्हणून ‘नैसर्गिक वापरा’ असं कुणी सांगायला येईल, त्याआधीच बोलते. काळी मेहंदी नैसर्गिक नसते. मेहंदीचा रंग तांबूस. दहा मिनिटांत काळा होणारा कोन असेल तर त्यात बहुतेक पीपीडी हे केसांच्या डायमधलं रसायन असतं. हातावर फोड येतात, आणि एकदा अॅलर्जी बसली की पुढे डायसुद्धा सोसत नाही.

टिकलीचं तर कुणी बोलतच नाही. टिकलीच्या गोंदातल्या फिनॉल जातीच्या एका रसायनामुळे कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, पांढरा डाग पडतो. लोक कोड म्हणतात आणि मुलीला चार घरं नाकारतात. टिकली लवकर बंद केली तर काहींचा रंग परत येतो, पण आपल्याकडे कपाळ मोकळं ठेवलं की सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्या विचारतात. तिथं रसायनाचं कारण कोण ऐकून घेणार?

पार्लरवाली:
सगळं पार्लरवर ढकलू नका. नवरीची आईच येऊन म्हणते, ताई, पोरीला आठ दिवसांत उजळ करा. मी नाही म्हटलं तर ती गल्लीतल्या दुसरीकडे जाते. भाडं मलाच भरायचंय.

आणि आमच्या तब्येतीचं कुणी विचारलं का? केस सरळ करायला येणारी वर्षातून एकदा-दोनदा येते. प्रेस फिरवताना निघणारा धूर मी रोज घेते, एसी लावलेल्या बंद खोलीत. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव. बाटलीवर ‘फॉर्मॅलिन नाही’ असं लिहिलेलं असतं.

पूर्वभाग:
ताई, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. फॉर्मॅलिन म्हणून घातलेलं नसलं तरी काही रसायनं प्रेसच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सोडतात (तोच पाण्यात विरघळवला की फॉर्मॅलिन), आणि तो कर्करोगकारक असल्याचं सिद्ध झालेलं आहे. त्याऐवजी आलेल्या ग्लायऑक्सिलिक अॅसिडनेही किडनी बिघडल्याचे रुग्ण परदेशात नोंदले गेलेत. खिडकी उघडी ठेवून, एसी बंद करूनच ते काम करा. साधा कापडी मास्क हा वायू अडवत नाही.

जुळेसोलापूरकर:
पॅराबेनवर माझं मत तेच आहे. पण २०२० च्या नियमांनुसार उत्पादकाचा पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि घटक डबीवर असायलाच हवेत ना? मग तक्रार का करत नाही कुणी?

पार्लरवाली:
कशाच्या जोरावर करायची? असल्या डबीचं बिल कुठलाच दुकानदार देत नाही. बिल नसताना अन्न व औषध प्रशासनाकडे कुणी तक्रार केली असेल, तर त्यांनी काय केलं ते इथे लिहा. माझ्याकडे दोन डब्या तशाच पडून आहेत.