ऐनाच्या फांदीवरचा कोष: टसर, चंद्र की अ‍ॅटलास?

रानभूल: गडचिरोली भाग. पानं झडलेल्या ऐनाला साधारण साडेचार सेंमी लांबीचा, राखट पिवळा, टणक कोष लोंबतोय. हलवला की आत जड काहीतरी आपटतं. कुठल्या पतंगाचा? घरी आणला तर कशात ठेवू?

कोसावाला: टसरच, म्हणजे आपला कोसा, टसर रेशमाचा पतंग. वरचा देठ बघा. अळी आधी डहाळीभोवती रेशमाची कडी घालते, तिला देठ जोडते आणि मग खाली कोष विणते. म्हणून पानगळीतही तो टिकतो. चंद्र पतंगाचा कोष पातळ, तपकिरी, पानांत गुंडाळलेला. बहुधा पानांसकट खालीच येतो. अ‍ॅटलास पतंगाचाही पानात, पण वरचं टोक मोकळं, पतंग तिथून सरकत निघतो. टसरचा चहूबाजूंनी बंद, त्यामुळे पतंग रस सोडून टोक मऊ करतो. जड आपटतंय म्हणजे प्यूपा (अळीचा पतंग होण्याआधीची कोषातली अवस्था) जिवंत असावा. सुकलेला हलका खुळखुळतो, आणि बाजूला बारीक गोल भोक दिसलं तर परजीवी निघून गेला समजा.

पानझडी: आणायचाच तर डहाळीसकट कापा, कडी तोडू नका. हिवाळ्यातला प्यूपा पाऊस लागेपर्यंत झोपून असतो, साधारण जून-जुलैपर्यंत. तोवर सावलीत, हवेशीर जागी टांगा. फ्रिजवर किंवा पत्र्याखाली नको, आत सुकतो. कडक उन्हाळ्यात अधूनमधून पाण्याचा हलका फवारा; भिजवून काढलात तर बुरशी.

मुख्य चूक प्लॅस्टिकच्या डब्याची. पतंग संध्याकाळी-रात्री निघतो आणि पंख खाली लोंबते ठेवून फुलवायला उभं चढतो. गुळगुळीत भिंतीवरून घसरला की पंख चुरगळलेलेच वाळतात, मग काही करता येत नाही. किमान फूटभर उंच जाळीचा पिंजरा घ्या. आणि मध-पाणी ठेवू नका. त्याला खायचं तोंडच नसतं, आठवडाभर साठवणीवर जगतो.

कोसावाला: मादी निघाली (पोट जाड, शृंगिका म्हणजे डोक्यावरच्या मिशा नरापेक्षा अरुंद) तर रात्री जाळीतच बाहेर, दिव्यापासून लांब टांगा. जवळ जंगल असेल तर गंधावर नर येतात. दीड-दोनशे अंडी घालते, आठ-दहा दिवसांत फुटतात. हौशीने सगळी वाढवायला घेऊ नका, ऐनाचा पाला पुरत नाही. दहा-बारा ठेवा, बाकीच्या अळ्या झाडावर सोडा. फांदी बाटलीत लावाल तर तोंडाला कापूस कोंबा, नाहीतर बारक्या अळ्या पाण्यात उतरून बुडतात. लहानपणी कोवळा पाला, शेवटी निबर. कात टाकताना अळी निश्चल बसते, तेव्हा हात लावू नका. मोठ्या अळ्यांवर उझी माशी अंडी घालते. अंगावर काळा डाग दिसला की ती अळी लगेच वेगळी काढा.