पुस्तकातलं उत्तरच चुकलेलं निघालं तेव्हा

सरकारी निधी आटला की कॉलेजांत बनलेली फुकट, खुली सॉफ्टवेअरं धूळ खात पडतात, असं म्हणतात ते मला निम्मं पटतं. पण सगळीकडे सॉफ्टवेअर शून्यापासूनच बनवतात असं कुठंय? आयआयटी मुंबईच्या फॉसीला (शिक्षणात खुली सॉफ्टवेअरं आणायचा त्यांचा प्रकल्प) पैसा केंद्राच्या शिक्षण खात्याचा, आणि त्यांनी ईसिम हे इलेक्ट्रॉनिक सर्किटं आखून तपासायचं सॉफ्टवेअर केलं ते कीकॅड, एनजीस्पाइस अशी आधीपासून असलेली टूलं जोडून, म्हणजे खालचा पाया जगभरातले लोक सांभाळतात, एकट्या कॉलेजच्या जिवावर काही नाही.

दुसरं म्हणजे त्यांचं टेक्स्टबुक कंपॅनियन, इंजिनिअरिंगच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये (मॅटलॅबसारखं गणितं सोडवायचं सॉफ्टवेअर, पण फुकट) कोड करून लिहून द्यायची आणि मानधन घ्यायचं. मी थर्ड इयरला केलंय हे. एका उदाहरणाचं उत्तर काही केल्या जुळेना, दोन रात्री कोड उलटापालटा केला, शेवटी कागदावर हाताने सोडवलं तर पुस्तकातच दशांश चिन्ह सरकलेलं! मग कोडमध्ये कॉमेंट टाकली, 'पुस्तकातलं उत्तर चूक आहे'. मानधनाचं काय केलं आठवत नाही (बहुतेक मेसचं बिल), पण आमच्या लॅबमधलं क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता चोरून वापरलेलं मॅटलॅब मी परत उघडलं नाही.