मदत हवी आहे: सिग्नलला थांबलं की गाडीचा एसी कोमट होतो, घरच्या घरी काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. गाडी पळत असली की एसी बऱ्यापैकी गार असतो, पण कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला सिग्नलला अडकलं की कोमट वारा सुरू. अंदाजावर बोलायला नको म्हणून फ्रीजमधला थर्मामीटर मधल्या जाळीत खोचून बघितला. बाहेर ३७ अंश होतं. पळताना ११, थांबल्यावर पाच मिनिटांत २१.

घाई आईसाठी आहे. दर पंधरा दिवसांनी तिला गारगोटीहून तपासणीला कोल्हापुरात आणतो. दम्याचा त्रास आहे, काचा उघडल्या की धूळ, लावल्या की घुसमट. मागच्या खेपेला मुदाळ तिट्ट्यापासून पदरानं वारा घेत बसली होती, तक्रारीचा एक शब्द नाही. मला ते बघवत नाही.

एका गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता "गॅस संपलाय, कूलिंग कॉइल बदला" म्हणून चौदा हजार सांगितले. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तोच बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला तर गळती असणारच. ती कुठं आहे ते दाखवा म्हटलं, तर दाखवली नाही.

मी स्वतः ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर काढला. गोणपाटाच्या रंगाचा झाला होता, घड्यांत पाचटाची बारीक कुसं. नवा तीनशेला मिळाला. वाऱ्याचा जोर वाढला, पण थांबल्यावरचं दुखणं तसंच.

मग टॉर्च मारून रेडिएटरपुढचा कंडेन्सर बघितला, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पातळ पत्र्यांची जाळी. गाळपाच्या हंगामात बिद्रीकडं उसाच्या ट्रॅक्टरमागून जाताना जे उडतं ते सगळं तिथं बसलंय. माती, पाचट, मेलेले किडे, घोंगडीसारखा थर. नळ्यांच्या जोडांवर तेलाचा डाग, म्हणजे गळतीची खूण, मात्र कुठं नाही.

बंपर न काढता हे धुता येईल का? प्रेशरच्या पाण्यानं त्या पातळ पत्र्या वाकतील अशी भीती वाटते. पंखा एसीबरोबर सुरू होतो, पण मंद वाटतो. आणि ऑनलाइन मिळणारा आर-१३४ए (एसीच्या गॅसचा) डबा आणून भरू का?

प्रतिसाद:
दादा, डबा आणू नका. गाडीला किती ग्रॅम गॅस लागतो ते ठरलेलं असतं. व्हॅक्यूम करून वजनानं भरतात. जास्त झाला तरी गारवा घटतो, आणि हातावर उडाला तर कातडी गोठते. पळताना ११ मिळतंय, म्हणजे माझ्या मते गॅसचा दोष नाही, थांबल्यावर कंडेन्सरला वाराच मिळत नाही. खात्री करायची तर गाडी उभी ठेवून एसी लावा आणि कंडेन्सरवर बागेच्या पाइपनं पाणी मारा. आकडा झटकन उतरला तर दुखणं तिथंच आहे. धुताना इंजिन गार असू द्या, आधी थर भिजू द्या, पाणी समोरून सरळ सोडा, तिरकं नको. ब्रश मऊ घ्या आणि पत्र्यांच्या दिशेनंच फिरवा. पंख्याच्या प्लगवर मल्टिमीटर लावा. इंजिन चालू असताना १३-१४ व्होल्ट येऊनही पंखा मंद असेल तर मोटर गेली. कमी येत असेल तर वायरिंग, अर्थ, रिले बघा.

धागाकर्ता:
खूप आभार! पाणी मारल्याबरोबर २१ वरून १४ वर आलं, अंगणात उभ्या गाडीत. नंतर तासभर धुतलं, बादलीभर चिखल निघाला. आता थांबल्यावर १७ राहतंय. प्लगवर १३.६ व्होल्ट येतात, म्हणजे मोटरच. उद्यमनगरात पंख्याच्या मोटरचे कार्बन (आतले झिजणारे ब्रश) बदलून देणारं कुणी माहीत आहे का? नवी मोटर घेण्याआधी ते करून बघतो. गुरुवारी आईला आणायचंय.