मदत हवी आहे: केळीच्या बागेतल्या एटीव्हीसाठी आरएक्स 100 चं हेड किती कापू?

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातून लिहितोय. केळीचे घड बांधापर्यंत आणायला आम्ही घरीच एक एटीव्ही, म्हणजे रानात चालणारी छोटी मोकळी गाडी, बांधलीय. चेसिस गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून, इंजिन अण्णांच्या 1992 च्या यामाहा आरएक्स 100 चं. गाडी गंजून गेली, पण इंजिन अण्णांनी कुणाला विकू दिलं नाही. त्याला धक्का लागू नये, म्हणून विचारतोय.

रिकामी छान पळते. सहा-सात घड टाकले आणि काळी माती ओली असली की पहिल्या गिअरलाही दम तोडते, सारखा हाफ क्लच धरावा लागतो.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खालून कापलं की आतली जागा कमी होते, मिश्रण जास्त दाबलं जातं (कॉम्प्रेशन वाढतं) आणि ताकद वाढते, म्हणून तो विचार होता. भुसावळचे एक टर्नर (लेथवाले) म्हणाले, "दीड एमएम मारून देतो, काही होत नाही भो." मी घरी मोजून बघितलं. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पिस्टन पिनच्या रेषेत पार भिंतीपर्यंत सारली, किक हाताने दाबून पिस्टन वरच्या टोकावरून फिरवला आणि तारेचं चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजलं. 1.7 एमएम, दोन्ही बाजूंना. दीड कापलं तर उरतात 0.2! इंजिन तापून रॉड वाढला, क्रँकच्या बेअरिंगचा खेळ धरला, की पिस्टन हेडला ठोकणारच.

पिस्टन वर ठेवून सिरिंजने तेल भरलं, प्लगच्या आट्यांपर्यंत 12 मिली मावलं. बोअर 50, स्ट्रोक 50, म्हणजे 98 सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) साधारण 9.2. हेडची बैठक 0.7 ने उतरवली तर 1.4 सीसी कमी होऊन रेशो 10.2 वर जातो, स्क्विश, म्हणजे पिस्टन आणि हेडच्या कडेतली फट, 1 एमएम राहतो. एवढं आमच्याकडच्या 44-45 अंशांच्या मे महिन्यात साध्या पेट्रोलवर टिकेल का? टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घ्यावं लागेल का?

प्रतिसाद

दादा, मोजणी चोख केलीत. या बोअरला 1 एमएम स्क्विश चालतो. तरी हेडला आत्ता हात लावू नका. हे इंजिन वाऱ्यावर थंड होतं. रस्त्यावर पन्नासच्या वेगाने सिलिंडरच्या पंख्यांना (फिन्सना) वारा लागतो, केळीच्या ओळीत पाच-सातच्या वेगाने काय लागणार? त्यात कॉम्प्रेशन वाढवलं की नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) सुरू होतं, पिस्टनची कड खरवडल्यासारखी होते आणि एक दिवस इंजिन जाम.

कंपनीचे 11 पीएस 7500 आरपीएमला येतात. तुम्ही तिथवर पोचतच नाही. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) किती दाती आहे? आणि मॅग्नेटोकडचं (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाकडचं) ऑइल सील जुनंच असेल तर आधी ते बदला. ते हवा ओढतं, मिश्रण कोरडं (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडतं आणि तुम्हाला वाटतं ताकद कमी आहे.

धागाकर्ता

मागचं 40 दाती आहे. सील कधी बदललेलं अण्णांना आठवत नाही.

प्रतिसाद

मग 48 दाती टाका. ओढ सरळ वीस टक्के वाढते आणि इंजिनाला खिळाही लागत नाही. टॉप स्पीड जाईल, बागेत तो लागतोय कुठे? त्यावर एक हंगाम चालवा. नंतरही कमी वाटलं तर 0.4 कापा, त्याहून जास्त नको, आणि टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या.

धागाकर्ता

पटलं भाऊ. टर्नरला थांबवलंय. उद्या मॅग्नेटो उघडतो. हेडसमोर वेगळ्या बॅटरीवर 12 व्होल्टचा छोटा फॅन कुणी बसवला असेल तर फोटो टाका, ब्रॅकेट कुठे धरलं तेवढं दिसू द्या.