मदत हवी आहे: जर्मन पालिकेच्या दाखल्यात माझं कौतुक आहे की टोमणा?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, जर्मनीत पाणी व्यवस्थापनात मास्टर्स करतेय. सध्या सुट्टीला घरी, जुळे सोलापुरात आहे. जर्मनीतल्या एका छोट्या शहराच्या पालिकेत (नाव देत नाही) नुकतीच सहा महिन्यांची इंटर्नशिप केली. अभ्यासक्रमात सक्तीचीच होती, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्षाला १४० पूर्ण दिवसांच्या मर्यादेत ती धरली नाही, आणि किमान वेतनही लागू नव्हतं. व्यनित (खासगी निरोपात) हेच विचारलं जातं म्हणून आधीच सांगून टाकलं.

काम होतं पावसाच्या पाण्याच्या पट्टीचं. हसू नका. तिकडे बऱ्याच गावांत सांडपाण्याचं बिल दोन भागांत येतं: वापरलेल्या पाण्याचं वेगळं, आणि तुमच्या छपरावरून, फरसबंद अंगणातून जे पावसाचं पाणी गटारात जातं त्याचं वेगळं, चौरस मीटरच्या हिशेबाने. मी विमानातून काढलेल्या फोटोंवर लोकांची अंगणं मोजायचे. बिलं गेली की महिन्याच्या मुदतीत हरकतींची पत्रं यायची. एक आजोबा म्हणाले, माझ्या फरश्यांच्या फटींत गवत आहे, पाणी मुरतं, पट्टी कमी करा. साहेब आणि मी बादली घेऊन गेलो, ओतून पाहिलं. मुरलं की! पट्टी कमी झाली.

आणि मी कुठून आलेली, तर पाण्याच्या दिवशी चावीवाल्याची वाट बघणाऱ्या गल्लीतून. उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे एकदा कॉफी पिताना सांगितलं, तर एकीने विचारलं, मग मधले दिवस हॉटेलात राहता का?

आता मुद्दा. इंटर्नशिपच्या दाखल्यात दोन वाक्यं अशी आहेत: ‘सोपवलेली कामे तिने आमच्या पूर्ण समाधानाने पार पाडली’ आणि ‘आपल्या मनमिळाऊपणाने तिने कार्यालयातलं वातावरण सुधारण्यास हातभार लावला.’ पप्पा खूश, फ्रेम करून भिंतीवर लावायला निघाले होते. पण वर्गातली मैत्रीण वाचून म्हणाली, पहिलं वाक्य मध्यम आहे आणि दुसऱ्याचा अर्थ ‘ही दारू पिते’ असा घेतात! मी बिअरला हात लावलेला नाही हो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र दोनदा नेली होती. दुरुस्ती मागावी का? मागितली तर साहेब दुखावतील का?

स्टुटगार्टचा सोलापुरी:
मैत्रीण बरोबर आहे. तिकडे दाखल्यातली ठरावीक वाक्यं म्हणजे छुपे गुणच. ‘पूर्ण समाधानाने’च्या आधी ‘श्टेट्स’ म्हणजे ‘नेहमी’ हा शब्द हवा होता. तो असला की २ नंबर, नसला की ३, म्हणजे ‘समाधानकारक’. (तिकडे १ सगळ्यांत वरचा.) आणि ‘तिने प्रयत्न केला’ असं कुठे दिसलं तर समजायचं, कामाचा बट्ट्याबोळ. ‘गेझेलिशकाइट’ (मनमिळाऊपणा) म्हणजे दारू, या याद्या जालावर सगळीकडे फिरतात. वाचणारा खरंच तसा अर्थ काढेल की नाही ते त्याच्यावर, पण नोकरी शोधताना जोखीम कशाला?

अनुवादिका:
कायद्याच्या भाषेत मात्र जाऊ नकोस गं. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सांगितलंय की ३ पेक्षा वरचा शेरा हवा असेल तर आपलं काम तसं होतं हे कर्मचाऱ्यानेच सिद्ध करायचं. तोही निकाल नोकरदारांचा, तू सक्तीच्या इंटर्नशिपवाली. साधी विनंती कर, आणि हवं ते वाक्य जर्मनमध्ये स्वतःच लिहून दे. साहेबाला नवीन मजकूर सुचवायला लावलं की ते पत्र टेबलावरच पडून राहतं. शेवटी आभार आणि शुभेच्छा आहेत का?

धागाकर्ती:
आहेत. ‘सहकार्याबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

अनुवादिका:
मग मनात खोट नाही. ती ओळ देणं त्यांना बंधनकारक नसतं, तरी दिलीय. साहेबांनी बहुधा चटणीच आठवून लिहिलंय. ‘मनमिळाऊ’च्या जागी ‘सहकाऱ्यांशी आणि नागरिकांशी वागणं नेहमी निर्दोष होतं’ असं सुचव. आणि दुरुस्त दाखल्यावर तारीख जुनीच मागून घे, नाहीतर बघणाऱ्याला कळतं की भांडून बदलून आणलाय.

धागाकर्ती:
तारखेचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच मेल टाकला, दोन वाक्यं लिहून. त्या आजोबांच्या बादलीचीही आठवण काढली, बघू. पप्पांनी फ्रेम परत नवी पेठेतल्या दुकानात ठेवलीय. उत्तर आलं की इथेच कळवते. आज पाण्याचा दिवस आहे, मोटर लावायला जाते.